पंख्याखालची मेणबत्ती

एप्रिल-मेमध्ये शिरूर-दौंडकडे पारा चाळिशी ओलांडतो; पंखा बंद करायची सोय नाही. सुगंधी मेणबत्तीचा खरा वैरी मात्र तोच. वाऱ्याने ज्योत एका अंगाला झुकते, मेण वाकडंतिकडं वितळतं, काचेवर काजळी धरते.

वास ज्योतीतून येत नाही. वितळलेल्या मेणातलं सुगंधी तेल हवेत उडतं, तेव्हा तो पसरतो. म्हणून पहिल्यांदा पेटवताना घाई नको. वितळलेलं मेण ग्लासच्या कडेपर्यंत पोचण्याआधी विझवलं, तर पुढेही वातीभोवती खड्डाच पडत जातो आणि कडेचं महागडं मेण वाया जातं. दर वेळी पेटवण्याआधी वात 5 मिलिमीटरच्या आसपास ठेवून कापावी. सलग 4 तासांहून जास्त जाळू नये.

महाबळेश्वरच्या ‘सनराइज कँडल्स’मध्ये, म्हणजे दृष्टिहीन उद्योजक भावेश भाटिया यांच्या कारखान्यात, दृष्टिहीन कारागीर मेणबत्त्या घडवतात. तिथल्या गारव्यातून हौसेनं आणलेली मेणबत्ती दौंडच्या उन्हात उभ्या गाडीत विसरली, तर न पेटवताच तिचा आकार जातो! सोया मेण 50 अंशांच्या आसपासच वितळतं. घरी ती झाकण लावून कपाटाच्या खालच्या कप्प्यात ठेवावी.

पेटवायला पावसाळी संध्याकाळ उत्तम. पंखा बंद चालतो, घरात दमट वास असतोच. पडदा तेवढा लांब सरकवावा.