द्रोणातून डोणी

पळसाचे पान हाती घ्यावे, त्याच्या कडा दुमडाव्यात, दुमडीत बांबूची चोय खोचावी आणि पाहता पाहता त्या सपाट पानाचा खोलगट द्रोण व्हावा, ही क्रिया ज्याने लहानपणी पंगतीच्या आदल्या रात्री ओसरीवर बसून एकदा तरी केली आहे, त्याला घरच्या घरी लाकडी होडी बांधण्याचे निम्मे शास्त्र अवगत आहे, असे मी म्हटले तर ते अतिशयोक्तीचे वाटेल. परंतु तेच विधान खरे करून दाखवावे, हा या लेखाचा हेतू आहे. संस्कृतातील ‘द्रोणी’ या शब्दाचा अर्थ लाकडी कुंड असा आहे, तसाच नौका असाही आहे, आणि आपल्या किनाऱ्यावरची ‘डोणी’ ही त्याच शब्दाची लेक होय. भाषेने जपलेले हे नाते गेल्या शतकात प्लायवुड आणि राळ यांच्या साहाय्याने हौशी माणसांनी आपापल्या घरांत पुन्हा जुळवून आणले.

नौकाबांधणीचे काम शतकानुशतके ठरावीक सुतार घराण्यांकडेच राहिले, याचे कारण असे की त्या कामाचा नकाशा कागदावर नसून कारागिराच्या हातात आणि डोळ्यांत असे. आधी पठाण, म्हणजे नौकेचा कणा, घालायचा. त्याच्या पुढल्या टोकास नाळ उभी करायची. मूळचीच वाकडी वाढलेली लाकडे हेरून त्यांचे वांक, म्हणजे बरगड्या, कण्यावर बसवायचे. आणि मग एकेक फळी तासून, वाकवून, शेजारच्या फळीशी तिची कड बेमालूम जुळवून चढवायची, अशी ही सर्वसाधारण रीत. फळीची कड दर हातभर अंतरावर निराळ्या कोनात तासावी लागते, आणि चुकीची तासली गेलेली फळी पुन्हा जोडता येत नाही. मुंबईच्या सुतारांनी वाकस आणि सामता एवढ्या हत्यारांवर घडवलेली ‘सुहेली’ ही ३२ फुटी सागवानी नौका १९६४च्या डिसेंबरात पाण्यात उतरली, आणि तिच्यातून रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन या इंग्रज दर्यावर्द्याने १९६८-६९ साली, कोठेही न थांबता, ३१२ दिवसांत एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली; असे धाडस मनुष्यजातीत पहिल्यानेच तडीस गेले. त्या सुतारांच्या हातांविषयी माझ्या मनात नितांत आदर आहे. पण ते हात कमवायला उमर खर्ची पडते, आणि कचेरीतून संध्याकाळी घरी परतणाऱ्या माणसाजवळ तेवढी शिल्लक नसते.

ज्या काळात मुंबईत ‘सुहेली’ आकार घेत होती, त्याच काळात इंग्लंडात ही अडचण एका निराळ्या वाटेने दूर झाली. ‘एंटरप्राइझ’, ‘कॅडेट’ अशा लहान शिडाच्या होड्यांचे नामवंत रचनाकार जॅक होल्ट, आणि घरातली दुरुस्तीची कामे स्वतः कशी करावीत हे दूरचित्रवाणीवर दाखवून घरोघर माहीत झालेले बॅरी बकनेल, या दोघांनी मिळून कामगारवर्गात खपणाऱ्या ‘डेली मिरर’ या वर्तमानपत्राच्या आश्रयाने एक होडी सिद्ध केली. १९६३ साली ती लोकांसमोर आली आणि वर्तमानपत्राच्याच नावाने ‘मिरर’ म्हणून ओळखली जाऊ लागली. लांबी १० फूट १० इंच, रुंदी ४ फूट ७ इंच, सांगाड्याचे वजन अवघे ४५.५ किलो, शिडे तांबडी, आणि घरी नेऊन जोडावयाच्या संचाची किंमत ६३ पौंड ११ शिलिंग, असा तिचा तपशील होता. शिडाची होडी ही तोवर सधनांच्या शौकाची वस्तू समजली जात असे. ती गिरणीतल्या आणि शाळेतल्या माणसाने आपल्या मोटारखान्यात किंवा बैठकीच्या खोलीतही बांधावी, हा या योजनेमागचा विचार होता, आणि आजवर ७० हजारांहून अधिक मिरर बांधल्या गेल्या, यावरून तो किती अचूक होता हे कळते. या होडीची डोलकाठी आणि तिच्या वरची काठी अशा बेताने आखल्या आहेत की उतरवल्यावर त्या होडीच्या पोटात मावतात, आणि सगळा संसार मोटारीच्या टपावर बांधून नेता येतो. ही बारीक गोष्ट ज्याने आखली, त्याला सामान्य माणसाच्या अडचणी पुरत्या ठाऊक होत्या.

तिची बांधणी समजून घ्यायची तर पुन्हा पानाकडे वळावे लागते. कागदाची चणेफुटाण्याची पुडी वळता येते, पण तोच कागद चेंडूवर गुंडाळू गेल्यास सुरकुत्या पडतात. प्लायवुडचा पातळ तक्ता नेमका असाच वागतो: एका दिशेने तो सुखाने वाकतो, एकाच वेळी दोन दिशांनी वाकण्यास साफ नकार देतो. म्हणून रचनाकार होडीचा आकारच असा योजतो की तो केवळ एका दिशेच्या वाकांनी बनावा, आणि प्रत्येक पृष्ठ उलगडून सपाट केले असता कसे दिसेल ते कागदावर काढतो. ही सपाट आकृती होडीसारखी मुळीच दिसत नाही; दोन्ही कडा वक्र असलेली ती एक लांबट फाक असते. पण शेजारच्या दोन फाकांच्या कडा एकमेकींकडे ओढल्या की वक्र कडा आपापल्या जागी येण्यासाठी तक्त्याला वाकणे भाग पडते, आणि होडीची कुशी आपोआप फुगून उभी राहते. आकार पूर्वी वांकांत असे, तो आता कडांच्या रेषेत आला. सुताराच्या डोळ्यातले ज्ञान नकाशात उतरले. मिररचे तोंड टोकदार न करता चपटे ठेवले आहे, ते तक्त्यांना फार आवळून पिळावे लागू नये आणि एवढ्याशा लांबीतही माणसांना ऐसपैस जागा मिळावी म्हणून.

कडा ओढायच्या त्या तांब्याच्या तारेने. शेजारच्या तक्त्यांच्या कडांना समोरासमोर बारीक भोकांच्या जोड्या पाडायच्या, तारेचा तुकडा ओवून बाहेरच्या बाजूस पकडीने पिळायचा, आणि हे टाके सबंध सांध्यावर घालीत जायचे. कयाक बांधणाऱ्यांनी ही युक्ती आधी वापरलेली होती. मिररमुळे ती सर्वतोमुखी झाली. शिंप्याच्या दुकानात पक्की शिलाई मारण्यापूर्वी कापड जागेवर धरून ठेवण्यासाठी जे कच्चे टाके घालतात, त्यांचेच हे भाऊबंद. ते आवळले की एका दुपारी, सकाळपर्यंत जमिनीवर पसरलेल्या फळकुटांची होडी झालेली असते. ती थरथरते, हात लावला तर डुलते, पण होडीच असते.

आणि इथेच, माझ्या मते, नवशिक्याच्या होडीचे भवितव्य ठरते. या अवस्थेत होडी अजून मऊ आहे. तिला पीळ पडलेला असेल तर तो चार टाके सैल करून काढता येतो, पण सांध्यात राळ बसली की तोच पीळ कायमचा होतो, आणि अशी होडी जन्मभर एका अंगाला ओढत राहते. म्हणून पुढल्या आणि मागल्या फळीवर आडवी पाणसळ ठेवून दोन्ही एका पातळीत आहेत ना, हे पाहावे. नाळेच्या मध्यबिंदूपासून मागच्या दोन्ही कोपऱ्यांपर्यंत दोरी धरून दोन्ही अंतरांची रुजवात घ्यावी. मग चार पावले मागे सरून, एक डोळा मिटून, कडेची रेषा टोकापासून टोकापर्यंत न्याहाळावी. कोठे खाच किंवा उंचवटा असेल तर मोजपट्टीच्या आधी तो डोळ्याला कळतो. हे सारे झाल्यावरही त्याच संध्याकाळी राळ कालवू नये. रात्र जाऊ द्यावी, आणि सकाळच्या तिरप्या उजेडात पुन्हा एकदा सगळे मोजावे.

टाके घालून नौका बांधण्याची कल्पना आपल्या समुद्राला अपरिचित नाही. हिंदी महासागरात लोखंडी खिळ्यांवाचून, काथ्याच्या दोरीने फळीला फळी शिवून जहाजे बांधण्याची जुनी परंपरा आहे, आणि तिच्यात बरगड्या नंतर येतात, कवच आधी. अजिंठ्याच्या लेण्यात रंगवलेल्या पाचव्या शतकातील जहाजाच्या आधारे गोव्यात अशीच एक शिवलेली नौका बांधण्यात आली, आणि ‘कौंडिण्य’ या नावाने २१ मे २०२५ रोजी कारवार येथे ती भारतीय नौदलात दाखल झाली. भेद एवढाच की तिथे टाका हाच सांधा, तो आयुष्यभर भार वाहतो. इथे तो राळ घट्ट होईपर्यंतचा जामीन.

राळेच्या कामाला हौशी माणूस उगाच भितो, आणि ज्या गोष्टीस भ्यावे तिच्याकडे मात्र दुर्लक्ष करतो. मिररच्या संचात पॉलिएस्टर राळ आणि काचतंतूंची फीत असे. आज बहुतेक जण इपॉक्सी वापरतात, कारण लाकडाला ती कितीतरी अधिक घट्ट धरते. आतल्या सांध्यात लाकडाचे बारीक पीठ मिसळून चक्क्याइतकी दाट केलेली इपॉक्सी भरायची, गोल टोकाच्या काठीने ती खोबणीसारखी सारवायची आणि तिच्यावर राळेत भिजवलेली फीत बसवायची, एवढेच हे काम. पण इपॉक्सीचे दोन भाग बनवणाराने दिलेल्या प्रमाणाबरहुकूमच मिसळले पाहिजेत. लवकर सुकावी म्हणून कठिणकारक जास्त घातला तर ती लवकर तर सुकत नाहीच, पण कायमची चिकट राहते. एका भांड्यात पुष्कळशी कालवली तर स्वतःच्याच उष्णतेने तापून ती धुमसू लागते, म्हणून थोडी कालवावी आणि पसरट ताटलीत ओतावी. हातमोजे चुकवू नयेत. तिची बाधा एकदा अंगात शिरली की पुढे थोडासा स्पर्शही त्वचेला सोसत नाही. दमट हवेत सुकलेल्या थरावर मेणचट पापुद्रा येतो आणि तो पाण्याने धुतल्यावाचून वरचा थर धरत नाही. तेव्हा कोकणात राहणाऱ्याने हे काम दिवाळी ते होळी या कोरड्या मुदतीत उरकावे हे उत्तम.

लाकडाबाबत मात्र तडजोड करू नये. बाजारात प्लायवुड पुष्कळ मिळते, पण होडीसाठी भारतीय मानक ७१० या क्रमांकाचेच, म्हणजे ज्याला मरीन प्लाय म्हणतात ते, घ्यावे. त्याच्या सांध्यांना ७२ तास उकळत्या पाण्याची कसोटी लावलेली असते. शिक्क्यावर इतबार नसेल तर तुकडा कापून घरच्या पातेल्यात उकळावा, आणि पापुद्रे सुटले तर सगळा माल परत करावा. तक्ते ८ फुटी मिळतात, होडी त्याहून लांब असते, म्हणून दोन तक्ते जोडावे लागतात: दोन्हींच्या कडा जाडीच्या आठपट लांबीपर्यंत तिरप्या रंधायच्या आणि एकीवर एक चिकटवायच्या. ६ मिलिमीटर जाडीला हा उतार ४८ मिलिमीटरांचा होतो, आणि प्लायवुडचे थर तिरप्या छेदावर पट्ट्यांसारखे दिसत असल्यामुळे, त्या पट्ट्या सरळ दिसल्या की उतार सरळ आला हे आपोआप कळते. रंधा चालवायला शिकण्याची याहून चांगली शाळा मला ठाऊक नाही.

ज्यांना मिरर अवघड वाटेल त्यांनी क्लार्क मिल्स यांनी १९४७ साली फ्लोरिडातील क्लिअरवॉटर येथे मुलांसाठी आखलेली ‘ऑप्टिमिस्ट’ पाहावी. प्लायवुडच्या दोन तक्त्यांतून निघणारी ती चौकोनी होडीच आज जगभरच्या मुलांना शीड हाताळायला शिकवते. पहिलीच होडी स्वतः आखण्याचा मोह मात्र टाळावा. आणि कामास हात घालण्यापूर्वी ज्या खोलीत ती बांधायची त्या खोलीचे दार मोजावे, कारण साडेचार फूट रुंदीची वस्तू आडवी धरली तर नेहमीच्या दारातून जात नाही, कलती करून नेताना वळायला अंगण लागते, आणि खिडकी चौकटीसकट काढण्याची वेळ येऊ शकते.

टाके आवळून झाल्यावर उभी राहिलेली होडी पाहून काम संपत आले असे वाटते. प्रत्यक्षात ते तिसऱ्या हिश्शावर आलेले असते. उरलेला काळ पॉलिश पेपर, काठ्या, सुकाणू, वल्ही आणि रंगाचे थर यांत जातो, आणि कंटाळलेल्या माणसाचा हात नेमका हवेच्या बंद पेट्यांपाशी सैल पडतो. मिररच्या बाजूंना आणि टोकांना या पेट्या बांधूनच काढलेल्या असतात. होडी उलटून पाण्याने भरली तरी त्यांच्या बळावर ती तरंगते आणि माणसे तिला धरून राहू शकतात. म्हणून त्यांच्या सांध्यांवर साबणाचे पाणी लावून, आत हळू हवा फुंकून, बुडबुडा येतो का हे एकेका बोटाच्या अंतराने तपासावे. जलाशयात उतरवायची तर त्या जलाशयाच्या खात्याची परवानगी आधी काढावी, आणि तरंगजाकीट अंगात असल्याशिवाय कोणालाही आत बसू देऊ नये, पोहता येणाऱ्यालाही.

अशा होडीच्या अंगी किती बळ असते, याची साक्ष ए. जे. मॅकिनन या शिक्षकाने दिली आहे. गेल्या शतकाच्या अखेरीस, शाळेत पडून असलेली एक जुनी मिरर डागडुजी करून त्याने उत्तर श्रॉपशायरमधून पाण्यात लोटली, आणि नद्या, कालवे, इंग्लिश खाडी व युरोपातील जलमार्ग ओलांडीत सुमारे ४,९०० किलोमीटरांवरचा काळा समुद्र गाठला. राळ सुकल्यावर तारेची बाहेरची टोके कापून कानशीने घासतात, पण आतला वेढा फितीखाली तसाच राहतो. म्हणजे कोणा अनामिक माणसाने एका दुपारी पकडीने पिळलेले तांब्याचे कच्चे टाके त्या सबंध प्रवासात होडीच्या सांध्यात होते.