वैमानिकांच्या जबान्या

३० जानेवारी १९४९ पासून टपाल खात्याने रात्रीच्या हवाई टपालाची जी योजना अमलात आणली, तिच्यामुळे मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास अशा चारही दिशांनी निघालेली विमाने मध्यरात्रीनंतर नागपूरजवळच्या आमच्या हिंगण्याच्या पूर्वेस असलेल्या सोनेगावच्या धावपट्टीवर एकत्र येत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करीत आणि उजाडण्याच्या सुमारास ज्याच्या त्याच्या गावी परतत. ज्या महिन्यांत शुक्र पहाटेस उगवतो, त्या महिन्यांत कलकत्त्याकडे परतणाऱ्या वैमानिकास तो तेजस्वी ग्रह नाकासमोर, क्षितिजालगत, आपल्याच उंचीवर टांगल्यासारखा दिसणार हे उघड आहे. आणि थकलेल्या डोळ्यांना असा दिवा समोरून येणाऱ्या विमानाचा वाटावा यात त्या वैमानिकाच्या नेकीला अथवा कसबाला बाध येत नाही. अज्ञात उडत्या वस्तूंविषयी वैमानिकांनी दिलेल्या खबरींचा आणि त्यांच्या तपासाचा मागोवा घेताना हा भेद आरंभीच ध्यानी धरलेला बरा, कारण साक्षीदार खोटा की आकाशात परग्रहवासी, या दोन टोकांच्या ओढाताणीत मधला सगळा मुलूख गेली पाऊणशे वर्षे ओस पडला आहे.

विमानचालकाची साक्ष इतरांच्या साक्षीहून वरच्या दर्जाची, हा समज त्याच काळात रूढ झाला. २४ जून १९४७ रोजी केनेथ अर्नोल्ड या हौशी अमेरिकन वैमानिकाने माउंट रेनियरजवळ वेगाने जाणाऱ्या नऊ चकाकत्या वस्तू पाहिल्या आणि वर्तमानपत्रांनी त्यांच्या उडत्या तबकड्या केल्या. वर्षभराने, २४ जुलै १९४८ च्या उत्तररात्री, ईस्टर्न एअरलाइन्सच्या डीसी-३ विमानाचे चालक चाइल्स आणि व्हिटेड यांनी अलाबामातील माँटगोमरीजवळ, आपल्या शेजारून ज्वाळा सोडीत गेलेले, पंख नसलेले आणि खिडक्यांच्या दोन रांगा असलेले एक यान पाहिल्याची जबानी दिली. अमेरिकन हवाई दलाचे सल्लागार ज्योतिर्विद अ‍ॅलन हायनेक यांचा कल ती मोठी उल्का मानण्याकडे होता. परंतु उल्केला खिडक्या कोठून आल्या, हा प्रश्न कोणाही समंजस माणसाने विचारावा असाच होता.

त्याचे उत्तर मिळावयास वीस वर्षे लागली. ३ मार्च १९६८ च्या रात्री सोव्हिएत रशियाच्या झोंड-४ यानाशी निगडित प्रक्षेपकाचे अवशेष अमेरिकेच्या अनेक राज्यांवरून जळत गेले, आणि ज्यांनी ते पाहिले त्यांच्यापैकी काहींनी सलग धड, त्यावरील चौकोनी खिडक्या, इतकेच नव्हे तर रिव्हेट मारून जोडलेले पत्रेही वर्णन करून लिहून पाठविले. आकाशात प्रत्यक्षात होती ती जळत्या तुकड्यांची एक रांग. त्या ठिपक्यांना जोडणारे यान पाहणाऱ्यांच्या नजरेने, अगदी प्रामाणिकपणे, बांधून काढले होते. चाइल्स-व्हिटेड प्रकरण यामुळे निर्विवाद मिटले असे मी म्हणणार नाही, परंतु त्यातील खिडक्यांचा पुरावा मात्र त्या दिवसापासून कमकुवत झाला.

अमेरिकन हवाई दलाच्या ‘ब्लू बुक’ या प्रकल्पाने १९६९ अखेर दफ्तर बंद केले तेव्हा त्यात १२,६१८ खबरींची नोंद होती आणि त्यांपैकी ७०१ अनिर्णित राहिल्या होत्या. लोक या दुसऱ्या आकड्याकडे धावतात. मला मात्र हायनेक यांनी त्याच दफ्तरातून पुढे १९७७ मध्ये काढलेला निष्कर्ष अधिक मोलाचा वाटतो: एकट्या वैमानिकाने दिलेल्या खबरींपैकी बहुतांश, दहांत जवळजवळ नऊ, ग्रह, उल्का, फुगे अथवा दुसरी विमाने यांच्याच निघाल्या, आणि या बाबतीत वैमानिक सामान्य माणसापेक्षा सरस ठरले नाहीत. याचे कारण शोधणेही फार अवघड नाही. टक्कर टाळणे हे ज्याचे पहिले कर्तव्य, तो प्रत्येक अनोळखी दिवा आधी विमान म्हणूनच वाचतो. तसे न वाचणारा वैमानिक आपल्याला कितपत परवडेल, हे प्रवासी म्हणून ज्याने त्याने ठरवावे.

आपल्या देशातील जुनी खबर १५ मार्च १९५१ ची. दिल्लीच्या फ्लाइंग क्लबमध्ये सकाळी दहा-वीसच्या सुमारास तेथील मुख्य अभियंत्यासह पंचवीसेक जणांनी चिरुटाच्या आकाराची एक चकचकीत वस्तू आकाशात पाहिली. ही जबानी आज आपल्याला वाचावयास मिळते ती अमेरिकेच्या गुप्तचर खात्याच्या कागदांत! दिल्लीच्या माणसांनी दिल्लीच्या आकाशात पाहिलेल्या गोष्टीसाठी परक्या सरकारचे दफ्तर धुंडाळावे लागावे, ही आपल्या नोंदी ठेवण्याच्या रीतीवर बरीच बोलकी टीका आहे.

तपास कसा असावा व कसा नसावा, हे दोन्ही एकाच प्रकरणात पाहावयाचे तर जपान एअरलाइन्सच्या १६२८ क्रमांकाच्या मालवाहू विमानाचे पाहावे. पॅरिसहून फ्रेंच मद्य घेऊन टोकियोकडे निघालेल्या या बोइंग ७४७ चे कप्तान केंजू तेरौची यांना १७ नोव्हेंबर १९८६ रोजी अलास्कावर प्रथम दोन लहान आणि पुढे एक अजस्र वस्तू आपल्या मागे लागल्याचे दिसले. नियंत्रकांनी त्यांना उंची व दिशा बदलू दिली, रडारवर काही क्षीण खुणा दिसल्या, आणि वाटेतल्या दुसऱ्या दोन विमानांना पाहणी करण्यास सांगितले असता त्यांना तेथे काहीच आढळले नाही. अमेरिकेच्या नागरी विमान प्रशासनाने वैमानिकांच्या जबान्या, नियंत्रकांच्या संभाषणाच्या ध्वनिफिती आणि रडारची टिपणे एकत्र करून १९८७ च्या मार्चमध्ये प्रसिद्ध केली. रडारवरील दुसरी खूण त्याच विमानाची दुभंगलेली प्रतिमा असावी, असा शेरा मारला. आणि त्या दिशेस त्या वेळी गुरू व मंगळ होते, हे टीकाकारांनी दाखवून दिले. यास तपास म्हणतात. परंतु बातमीदारांशी बोलल्यावर तेरौचींची रवानगी काही काळ कचेरीतल्या टेबलावर झाली, आणि ती हकीकत जगभरच्या वैमानिकांनी ऐकली. पुढील खबर देण्यापूर्वी दहादा विचार करण्याचा धडा त्यांनी त्यातून घेतला असेल तर दोष त्यांचा नव्हे.

आता घराकडे वळू. सोनेगावच्या हवामान केंद्रातून वरच्या थरांतील हवेचे तापमान, आर्द्रता व वारे मोजण्यासाठी हायड्रोजनचे फुगे पहाटे आणि सायंकाळी सोडले जातात. वर चढताना बाहेरचा दाब घटतो तसतसा फुगा फुगत जातो, जमिनीवर अंधार पडल्यावरही उंचावर त्याला ऊन मिळते, आणि वीस-तीस किलोमीटर उंचीवर फुटेपर्यंत तो पांढऱ्या मोत्यासारखा लकाकतो. हैदराबादेतील टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या केंद्रातून सोडले जाणारे पॉलिथिनचे प्रचंड फुगे याहून उंच जातात, वाऱ्याबरोबर महाराष्ट्रावरही येतात, आणि छत्रीने उतरलेल्या उपकरणाच्या पेटीस हात न लावता पोलिसांस कळवा, अशी सूचना ती संस्था देत असते. २०१४ च्या ऑक्टोबरात पुण्यावर सुमारे २६,००० फुटांच्या उंचीवर एका वैमानिक महिलेने हिरवट-पांढरी वस्तू पाहून मुंबईच्या नियंत्रण कक्षास कळविले, तेव्हा त्या दिवशीच्या फुग्यांची नोंद तिच्या वेळेशी व दिशेशी ताडून पाहणे ही तपासाची पहिली पायरी होती. बातमी ठळक अक्षरांत छापली गेली. निकाल मात्र वाचनात आला नाही.

लडाखमध्ये याच्या उलट घडले. २०१२-१३ च्या हिवाळ्यात सीमेवरील जवानांनी चिनी हेरविमाने समजून शेकडो वेळा नोंदविलेले दिवे भारतीय खगोलभौतिकी संस्थेच्या ज्योतिर्विदांनी तपासले, ते दिवे ताऱ्यांच्या संदर्भात कसे सरकतात याचे मोजमाप केले, आणि ते शुक्र व गुरू असल्याचा निर्वाळा दिला. त्यावर पुष्कळ हसू झाले. वस्तुतः हसण्याजोगे त्यात काही नव्हते. ज्यांनी रोज वेळ व दिशा टिपून ठेवली त्यांच्यामुळेच तो उलगडा होऊ शकला.

आणि विदर्भाची आपली गोष्ट तर ताजी आहे. २ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ. पावणेआठच्या सुमारास नागपुरापासून खानदेशापर्यंत आणि पलीकडे मध्य प्रदेशातही लोकांनी जळत्या गोळ्यांची एक मंद, जवळजवळ आडवी रांग आकाशातून जाताना पाहिली. कोणी उल्कापात म्हटले, कोणी उपग्रह. तेवढ्यात चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यात, लाडबोरी गावी, सुमारे तीन मीटर व्यासाचे धातूचे कडे येऊन पडले. जवळच पवनपार येथे धाग्यांचे वेष्टन असलेला गोळा सापडला. आणि या वस्तू सिंदेवाहीच्या पोलीस ठाण्यात जमा झाल्या. खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांनी कक्षेचे गणित मांडून, २०२१ च्या फेब्रुवारीत उडालेल्या चिनी लाँग मार्च ३बी प्रक्षेपकाचा हा तिसरा टप्पा असावा असे सांगितले, आणि इस्रोचे शास्त्रज्ञही पाहणीस आले. झोंड-४ च्या वेळेस जे अमेरिकेत घडले तेच येथे घडले. फरक एवढाच की या वेळी आकाशातील साक्षीची रुजवात तहसिलीच्या हद्दीत, हाताला लागेल अशा कड्याने केली. असे भाग्य तपासणाऱ्यांच्या वाट्यास क्वचित येते.

इंफाळला १९ नोव्हेंबर २०२३ रोजी ते भाग्य वाट्यास आले नाही. विमानतळावर अज्ञात वस्तू दिसली म्हणून काही तास उड्डाणे थांबली, हवाई दलाने राफेल विमाने पाठविली, आणि त्यांच्या हाती काही लागले नाही. शिवाय आता स्टारलिंकच्या हजारो उपग्रहांची भर पडली आहे. क्षितिजाखालच्या सूर्याचा प्रकाश त्यांवरून क्षणभर परावर्तित होतो आणि उंचावरील वैमानिकांस दिवे एकामागून एक पेटून फिरत विझताना दिसतात. २०२२ पासून अशा खबरींचे प्रमाण वाढले, आणि त्यांतील पुष्कळांचा उलगडा उपग्रहांच्या कक्षा तपासूनच झाला.

फ्रान्सने १९७७ मध्येच हे काम आपल्या अंतराळ संस्थेकडे सोपविले आणि २००७ पासून तेथील प्रकरणे सर्वांस खुली केली. आपल्याकडे असे स्वतंत्र जाहीर खाते नाही; वैमानिकाची खबर नियंत्रण कक्षापर्यंत पोहोचते, पुढचा निकाल मात्र लोकांपुढे येत नाही. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने हवामान खाते, इस्रो आणि हैदराबादचे बलून केंद्र यांची टिपणे एका जागी आणून अशा प्रत्येक खबरीचा निकाल वर्षातून एकदा छापावा, वैमानिकाचे नाव गाळून छापावा, ही मागणी अवास्तव नाही. आणि हिंगण्याच्या रस्त्यावर रात्रपाळीहून परतणाऱ्या एखाद्याला आकाशात काही वेगळे दिसले, तर त्याने मोबाइलने चित्र घेण्याआधी घड्याळ पाहावे, दिशा आणि क्षितिजापासूनची उंची मनाशी पक्की करावी, आणि घरी पोहोचताच ती लिहून ठेवावी.