आद्याक्षरांचे कोडे

तीन शब्द ओळखा. त्यांची पहिली अक्षरे जोडली, की एका गावाचे नाव होते.

१. नावात ऐकू येते मीठ, चव मात्र गोड.
२. भाऊराव पाटलांनी १९१९ साली शिक्षणसंस्था काढली. तिच्या नावातला पहिला शब्द.
३. पाण्यावर चालते. अक्षरे उलटी वाचली तरी तेच.

पहिले उत्तर कुणी 'पेढा' देईल. दुसरे 'रयत', तिसरे 'जहाज'. जोडा पाहू. पेरज! असले गाव ऐकलेय का कधी? म्हणजे कुठेतरी चुकले. पुन्हा वाचा. पेढ्यात मीठ कुठे ऐकू येते? 'मिठाई'त येते. आता झाले मिरज, सतारी-तंबोऱ्यांचे गाव!

चुकले तर खोडावे, त्यात लाज कसली? ज्याला अक्षर येते, त्याला आपली चूक आपणच धरता येते.