मायाबाईंचे आणि माझे जमत नाही!

रहाटणीच्या आमच्या घरात रात्रीची जेवणे आटोपली, की चिरंजीव आणि सूनबाई टीव्हीपुढे ठाण मांडतात. लागते काय, तर ‘साराभाई व्हर्सेस साराभाई’! २००४ साली सुरू झालेली ही हिंदी मालिका. पण तरुण मंडळी ती आजही आवडीने पाहतात. दोघे पोट धरून हसतात आणि मी आपली शेंगा सोलीत गंभीर!

“आईला विनोद कळत नाही,” असा माझ्यावर आरोप आहे. वाचकहो, तो मला साफ नामंजूर आहे. सत्तरच्या दशकात दूरदर्शनवरचे चिमणराव मी शेजाऱ्यांच्या ओटीवर बसून पाहिले आहेत. दिलीप प्रभावळकरांचे ते भित्रे चिमणराव फजीत झाले की आम्ही मनमुराद हसत असू. पण हा गृहस्थ आपल्याच घरचा वाटे. चिं. वि. जोशींनी चिमणरावांची फजिती त्यांच्याच तोंडून वदवली, त्यातच सारे आले.

कफ परेडच्या साराभाईंकडे मामला उलटा. सासूबाई माया सुनेच्या काटकसरीला ‘मिडल क्लास’ म्हणून नाक मुरडणार. सासरे इंद्रवदन कवी मुलाची टर उडवणार. रत्ना पाठक शाह आणि सतीश शाह यांचा अभिनय झकास, त्याबद्दल वाद नाही. पण यांतल्या एकालाही चहाला बोलवावेसे मला वाटत नाही. शिवाय ज्या काटकसरीला ते हसतात, तिच्यावरच तर आमचा संसार उभा राहिला!

परवा सूनबाई म्हणाली, “आई, मोनिशाचं खरं नाव मनीषा. सासूला ते साधं वाटलं, म्हणून तिनं बदललं!”

मला हसू आले नाही. माझ्या लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीने नवे नाव लिहिले, पेढे वाटले आणि जुने नाव तिथेच संपले. सूनबाईचे नाव मी बदलू दिले नव्हते. का, ते तिला कधी सांगितले नव्हते. त्या रात्री सांगितले.

तिने टीव्ही बंद केला. “मग तुमचं माहेरचं नाव काय, आई?”

चाळीस वर्षांत या घरात प्रथमच कोणी हे विचारले. मी सांगितले. तिने ते दोनदा उच्चारून पाहिले. “छान आहे की!”

मालिका मला अजूनही आवडत नाही. पण आताशा शेंगांचे सूप घेऊन मी जरा जवळ सरकून बसते.