फुकट अंकाचा जमाखर्च

न्यूयॉर्कच्या ‘व्हिलेज व्हॉइस’ या पत्राने सत्तरी गाठली, तेव्हा नॉर्मन मेलर आदी संस्थापकांचे पोवाडे गायिले जाणे ओघानेच आले, परंतु एके काळी शहाजीराजांच्या जहागिरीत मोडणाऱ्या आणि आज बंगळूरच्या वेशीला येऊन भिडलेल्या होसकोट्यात राहणाऱ्या मजसारख्या नाटकवेड्यास त्या पत्रातील जहाल लेखांहून आठवडाभराच्या प्रयोगांची बारीक टाइपातली यादीच अधिक मोलाची वाटते.

१९५५ साली पाच सेंटांस मिळणारे हे पत्र १९९६ पासून मॅनहॅटनमध्ये फुकट वाटले जाऊ लागले, ते दानधर्म म्हणून नव्हे. भाड्याची खोली, जुना पियानो, वाद्यवृंदास हवा असलेला वादक, असल्या किरकोळ जाहिरातींच्या उत्पन्नावर तेथील नाट्यसमीक्षा पोसली जात होती; आणि १९९५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत उगवलेल्या ‘क्रेगलिस्ट’ने त्याच जाहिराती इंटरनेटवर बहुतांशी विनामूल्य घेण्यास आरंभ केल्यावर असल्या साऱ्या पत्रांचा खजिना आटत गेला. २०१७ मध्ये छपाई थांबली, पुढल्याच वर्षी दफ्तर बरखास्त झाले. २०२१ मध्ये पत्र पुन्हा निघाले, पण ती मिजास गेली ती गेलीच.

आपल्या मराठी वृत्तपत्रांत वाचक अंक विकत घेतो आणि निर्माता नाटकाच्या जाहिरातीची जागा विकत घेतो. जिच्या गाठीस पैका नाही त्या हौशी मंडळीचा प्रयोग मात्र अज्ञातवासात राहतो. चेन्नईचे ‘मैलापूर टाइम्स’ १९९४ पासून मैलापूर पेठेत दर आठवड्यास फुकट वाटले जाते आणि संगीतसभांतील कचेरी, म्हणजे गाण्याची मैफल, व गल्लीतील तुंबलेले गटार यांस शेजारी शेजारी जागा देते, ही मला खरी लोकशाही वाटते.

तीच लोकशाही बंगळूरात दाराशी दिसते: मातृभाषा मराठी असलेल्या रंगकर्मी अरुंधती नाग यांनी २००४ मध्ये उभारलेल्या ‘रंगशंकरा’ नाट्यगृहात साडेसातास पडदा उघडला की दार बंद होते, उशिरा येणारा मग मंत्री असो वा मुनीम. या नियमाचा मी कट्टर समर्थक आहे, यद्यपि कृष्णराजपुरमच्या तारांनी तोललेल्या पुलाशी अडकून दोनदा मीच त्यास बळी पडलो. छापील यादीत अनोळखी खेळही नजरेस पडतो; मोबाइल मात्र मला काल पाहिलेल्याच जातीचे नाटक आज सुचवितो. न पाहिलेले यक्षगान तो सुचवीत नाही.

होसकोट्यात दाराशी फुकट येतात ती भूखंडविक्रीची पत्रके. त्यांची मागली बाजू कोरी असते, तीवर मी या आठवड्याचे प्रयोग लिहून ठेवतो.