कोरीवकाम शिकणाऱ्यांच्या हातांची निगा

महाराष्ट्रात धातूवरील कोरीवकामाची परंपरा फार जुनी आहे. राष्ट्रकूट आणि शिलाहार राजांनी दिलेल्या दानांचे ताम्रपट आजही वाचता येतात, याचे श्रेय ते कोरणाऱ्या हातांना आहे. अनेक ताम्रपटांच्या अखेरीस कोरणाऱ्याचे नावही आढळते. आज दागिने, पूजेची उपकरणी, मानचिन्हे व नावपट्ट्या यांवर हाताने नक्षी कोरण्याचे कसब तरुण मुलेमुली शिकत आहेत. परंतु शिकताना अनेकांचा तळहात दुखू लागतो, बोटांना मुंग्या येतात, काहींची बोटे बधिर होतात. हात तयार होईपर्यंत असे व्हायचेच, असा एक समज कारागिरांत रूढ आहे. हा समज दूर होणे अगत्याचे आहे. बोटांची संवेदना हेच या कारागिराचे भांडवल होय.

बधिरता का येते?

मनगटाच्या तळहाताकडील बाजूस, हाडे आणि एक चिवट पट्टा यांच्यामध्ये अरुंद मार्ग असतो. बोटे व अंगठा वाकविणाऱ्या नऊ कंडरा आणि ‘मीडियन’ नावाची चेता याच मार्गाने जातात. अंगठा, तर्जनी, मध्यमा आणि अनामिकेची अर्धी बाजू यांची संवेदना या चेतेवर अवलंबून असते. मनगट वाकवून मूठ घट्ट आवळली की या मार्गातील दाब वाढतो आणि चेता दबते. करंगळी आणि अनामिकेची उरलेली बाजू ‘अल्नर’ या दुसऱ्या चेतेकडे असते. करंगळीखालच्या उंचवट्याच्या मुळाशी ती त्वचेपासून फारशी खोल नसते. अवजाराची मूठ तेथे सतत रुतली, तर ही दोन बोटे बधिर होतात. म्हणून शिकाऊ कारागिराने तक्रार केल्यास नेमके कोणते बोट बधिर होते, हे शिक्षकाने प्रथम विचारावे. दोष पकडीत आहे की मुठीच्या जागेत, याचा अंदाज त्यावरून बांधता येतो.

बधिर बोटांना अवजार नीट जाणवत नाही. मग शिकणारा ते अधिक आवळून धरतो, दाब आणखी वाढतो आणि त्रासही वाढतो. हे दुष्टचक्र आरंभीच तोडले पाहिजे.

धार, मूठ आणि बैठक

या त्रासाचे मूळ पुष्कळदा बोथट कोरणीत असते. धार गेलेली कोरणी धातू कापत नाही, ती ढकलावी लागते, आणि ढकलण्याचा सारा भार तळहातावर येतो. धार तपासण्याची जुनी रीत सोपी आहे. कोरणीचे टोक अंगठ्याच्या नखावर अलगद टेकवावे. ते घसरले तर धार गेली आणि रुतले तर धार शाबूत आहे, असे समजावे. म्हणून धार लावणे हा पहिला धडा असावा. सरावासाठी तापवून मऊ केलेला तांब्याचा पत्रा घ्यावा, कोरणीच्या टोकास तेलाचा किंचित स्पर्श द्यावा आणि खोल रेघ एकाच दमात न काढता दोनतीन हलक्या फेऱ्यांत काढावी.

कोरणीची मूठ गोल, गुळगुळीत व तळहाताच्या मधल्या खळग्यात मावेल अशी असावी. कोरणीचे टोक अंगठ्यापुढे साधारण दीड-दोन सेंटिमीटर राहील इतकीच तिची लांबी ठेवावी. लांब कोरणी लहान हातात दिली की मनगट वाकते. अशी कोरणी शिकणाऱ्याच्या हाताप्रमाणे आखूड करून घ्यावी. वळणदार रेघ काढताना मनगट पिळू नये. दुसऱ्या हाताने वाळूच्या पिशवीवरील किंवा शेगड्यातील काम फिरवावे आणि कोरणीचा हात जवळजवळ स्थिर ठेवावा. काम कोपराच्या उंचीच्या आसपास असावे, हाताला आधार असावा आणि उजेड पुरेसा असावा. दर वीस-पंचवीस मिनिटांनी अवजार खाली ठेवून बोटे मोकळी करावीत.

छिन्नी-हातोडीने काम करणाऱ्यानेही छिन्नी हलकी धरावी. यंत्रचलित अवजाराने ढकलण्याचे श्रम वाचतात, पण कंपने हातात शिरतात. अमेरिकेतील इंडियाना राज्यातील बेडफर्ड येथे हवेच्या दाबावर चालणारे हातोडे वापरून दगड घडविणाऱ्या कामगारांची बोटे थंडीत पांढरी व बधिर पडत असल्याचे डॉ. ॲलिस हॅमिल्टन यांनी १९१८ मध्येच नोंदविले होते. अशी अवजारे सलग तासन्‌तास वापरू नयेत.

वैद्यकीय सल्ला केव्हा घ्यावा?

काम थांबविल्यावर थोड्या वेळात जाणाऱ्या मुंग्या बहुधा वरील सुधारणांनी थांबतात. परंतु रात्री हात बधिर होऊन झोपमोड होणे, हातातील वस्तू निसटणे किंवा अंगठ्याच्या मुळाशी असलेला मांसल भाग बसू लागणे ही लक्षणे दिसताच डॉक्टरांकडे जावे. मधुमेह, थायरॉईडचे विकार आणि गर्भारपण यांतही असा त्रास संभवतो. चेता दीर्घकाळ दबून राहिल्यास हानी कायमची ठरू शकते. चोळणे किंवा वेदनाशामक गोळ्या घेऊन काम रेटणे हा उपाय नव्हे.

शिक्षक व पंचायत सदस्यांसाठी

१७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेतील अठरा व्यवसायांत सोनारकामाचा समावेश आहे. ग्रामीण अर्जदारांची पहिली पडताळणी ग्रामपंचायतीकडे सोपविण्यात आली असून मूलभूत प्रशिक्षण पाच ते सात दिवसांचे आहे. इतक्या अल्पावधीत नक्षी साधत नाही, पण हाताला लागणारी सवय याच दिवसांत लागते. प्रशिक्षणवर्गाला भेट देणाऱ्या पंचायत सदस्यांनी नक्षीचे नमुने पाहावेत, त्याबरोबरच धार लावण्याचा दगड, बैठक आणि उजेड यांचीही पाहणी करावी. शिक्षकांनी दिवसाअखेर प्रत्येकाला बोटांविषयी एक प्रश्न विचारावा. एवढ्या अल्प दक्षतेने एखाद्या होतकरू कारागिराचा हात आयुष्यभर कामाचा राहील.