आजार घराण्याचे – ६ : तांब्याची वाट बंद होते तेव्हा

मागच्या आठवड्यात आपण सिकलसेलबद्दल बोललो. तो आजार छत्तीसगडला नवा नाही, त्यामुळे ‘वाहक’ (जनुकाची एकच प्रत सदोष असलेला, स्वतः आजारी नसलेला) म्हणजे काय हे रायपुरात पुष्कळांना ठाऊक असतं. आजच्या आजाराचं आनुवंशिक गणित तेच आहे, पण त्याचं नाव फारसं कुणी ऐकलेलं नसतं : विल्सनचा आजार. जगभरात साधारण ३० हजारांत एकाला तो होतो, असा ढोबळ अंदाज आहे. लंडनचे मेंदूविकारतज्ज्ञ किनियर विल्सन यांनी १९१२ मध्ये त्याचं सविस्तर वर्णन केलं.

शरीराला तांबं लागतं, पण रोज एखाद-दोन मिलिग्रॅम. जादा आलेलं तांबं यकृत पित्तात सोडतं आणि ते शौचावाटे बाहेर पडतं. हे काम करणारं प्रथिन ‘एटीपी७बी’ या जनुकामुळे तयार होतं. आई आणि वडील, दोघांकडूनही या जनुकाची सदोष प्रत आली, की बाहेरची वाट बंद. मग तांबं आधी यकृतात साचतं, पुढे मेंदूत आणि डोळ्यांत उतरतं.

लक्षणं बहुधा ५ ते ३५ या वयात दिसू लागतात, आणि इथेच घरच्यांची फसगत होते. कुणाला कावीळ होते, उतरते, पुन्हा होते. कुणाचं अक्षर बिघडतं, शर्टाचं बटण लावताना हात थरथरतो, बोलणं जड होतं. चिडचिड वाढते, मार्क घसरतात. ‘वयच तसं आहे’ म्हणून घरचे सोडून देतात आणि त्यात मोलाचे महिने जातात.

निदानाला एक धागा डोळ्यांत सापडतो. नेत्रतज्ज्ञ स्लिट लॅम्पमधून पाहतात तेव्हा बुबुळाच्या कडेला तपकिरी-हिरवट कडं दिसतं. मेंदूवर परिणाम झालेल्या बहुतेकांत ते असतं. फक्त यकृत बिघडलेल्यांत मात्र निम्म्यांच्या आसपासच. म्हणून कडं नाही म्हणजे आजार नाही, असं धरून चालत नाही. रक्तातलं सेरुलोप्लाझ्मिन आणि २४ तासांच्या लघवीतलं तांबं तपासावं लागतं.

आता हमखास येणारा प्रश्न : तांब्याच्या भांड्यातलं पाणी प्यायल्याने हा आजार होतो का? नाही. पण हा प्रश्न खुळचट मुळीच नाही. पूर्वी आपल्याकडे तान्ह्या मुलांचं यकृत निकामी करणारा एक आजार होता, एका घरातली एकापाठोपाठ एक मुलं नेणारा. १९८०च्या दशकात पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. आनंद पंडित, डॉ. शीला भावे आणि इंग्लंडचे डॉ. स्टुअर्ट टॅनर यांनी त्याचा माग काढला. तो पोहोचला पितळी पातेल्यापर्यंत. कल्हई नसलेल्या पितळेत तापवलेलं, साठवलेलं गाई-म्हशीचं दूध तांबं ओढून घेत होतं आणि तेच बाळाच्या पोटात जात होतं. घरोघरी स्टील आलं, तसा तो आजार जवळपास दिसेनासा झाला. तिथे भांडं बदलून भागलं. विल्सनमध्ये दोष जनुकातच असल्याने तेवढ्याने भागत नाही. रुग्णाने तांब्या-पितळेची भांडी टाळायचीच. काजू-शेंगदाणे, चॉकलेट, मशरूम, कलेजी यांनाही निदान पहिलं वर्षभर आवर घालायचा. पण खरा आधार औषधाचा.

१९५६ मध्ये डॉ. जॉन वॉल्श यांनी पेनिसिलामाइन वापरात आणलं. ते तांब्याला धरून लघवीवाटे बाहेर काढतं. जस्ताची औषधं आतड्यातच तांब्याला अडवतात. वेळेवर सुरुवात झाली तर माणूस शिकतो, नोकरी करतो, संसार करतो. अट एकच : औषध जन्मभर. बरं वाटलं म्हणून परस्पर बंद केलं, तर यकृत अचानक निकामी होऊन प्रत्यारोपणाची वेळ येऊ शकते. गरोदरपणातही ते आपल्या मनाने थांबवायचं नाही; मात्रा डॉक्टर ठरवतील.

आणि घरात एकाला हा आजार निघाला, तर प्रत्येक सख्ख्या भावंडाची तपासणी करा, ते कितीही ठणठणीत दिसत असलं तरी. प्रत्येकाला चारात एक इतका धोका असतो. लक्षणं दिसण्याआधी औषध सुरू झालेलं मूल बहुधा आजारी पडतच नाही. आनुवंशिक आजारांत अशी संधी क्वचितच मिळते.

(पुढील लेखांकात : थॅलेसेमिया आणि लग्नाआधीची रक्ततपासणी)